सगळ्या प्लगइनचे ऑटो-अपडेट सुरू करावे का? वर्डप्रेस साइट सांभाळणाऱ्या एकाला दिलेले सविस्तर उत्तर

तुमच्याकडे तीन वर्डप्रेस साइट आहेत. एक कोकणातल्या बागायतदाराची हापूस विकणारी साइट, जी दुकान चालवण्याची सोय देणाऱ्या वूकॉमर्सवर चालते. दुसरी एका शिक्षण संस्थेची. आणि तिसरी एका दवाखान्याची, चार-पाच पानांची. प्रत्येक साइटवर वीसएक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जास्तीची सोय देणारी जोड-सॉफ्टवेअर, आहेत, डॅशबोर्ड उघडला की प्रलंबित अपडेटचा आकडा समोर येतोच, आणि दर आठवड्याला बसून एकेक अपडेट करणे आता तुम्हाला जमत नाही. होस्टिंग कंपनीकडून सल्ला मिळाला की सगळ्यांचे ऑटो-अपडेट सुरू करून टाका. याच व्यवसायातल्या तुमच्या मित्राने बजावले की विक्रीच्या साइटवर त्या बटणाला हातही लावू नका. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

दोघांचा अनुभव खरा आहे, फक्त दोघांनी वेगवेगळी संकटे पाहिली आहेत. होस्टिंग कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींत जुन्या, दुर्लक्षित प्लगइनमधून हॅक झालेल्या साइट असतात. तुमच्या मित्राने अपडेटनंतर अचानक पांढरी पडलेली किंवा पेमेंट घेईनाशी झालेली साइट पाहिलेली असते. पहिल्या संकटात नुकसान मोठे असते आणि बहुधा उशिरा लक्षात येते. दुसऱ्यात नुकसान मर्यादित असते, पण ते नेमके केव्हा होणार हे आपल्या हातात नसते. त्यामुळे ऑटो-अपडेट चालू की बंद, हे ठरवण्याआधी मी साइटच्या मालकाला वेगळे प्रश्न विचारतो. या साइटवर काही मोडले तर ते कोणाच्या लक्षात येईल, किती वेळात येईल, आणि लक्षात आल्यावर आधीच्या स्थितीला परत जाण्याची वाट तयार आहे का? साइटवरून पैसे येतात का, ती रोज कोणी उघडून पाहते का, बॅकअप कुठे आणि किती वेळाने घेतला जातो, आणि एखाद्या प्लगइनच्या फायलींत कोणी परस्पर बदल केले आहेत का, यांवर उत्तर बदलते.

आधी यंत्रणा कशी चालते ते पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात. वर्डप्रेसच्या मूळ प्रणालीचे छोटे अपडेट आपोआप होण्याची सोय ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ या आवृत्तीपासून आली. प्लगइन आणि थीमसाठी डॅशबोर्डमध्येच ऑटो-अपडेट सुरू करण्याची सोय मात्र ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीत आली. ती प्रत्येक प्लगइनसाठी स्वतंत्रपणे चालू-बंद करता येते आणि मुळात बंदच असते. नव्या आवृत्त्यांची तपासणी दिवसातून दोनदा होते. ही तपासणी वर्डप्रेसच्या अंतर्गत वेळापत्रकावर, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉनवर, अवलंबून असते, आणि हे वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. साइटवर कोणी आले, की त्या भेटीच्या निमित्ताने 'काही काम राहिले आहे का' हे पाहिले जाते. दवाखान्याच्या साइटवर दिवसभर कोणी फिरकलेच नाही, तर ठरलेली तपासणी तशीच पडून राहते. काही होस्टिंगवर सर्व्हरचा भार कमी करण्यासाठी डब्ल्यूपी-क्रॉन बंद केलेले असते आणि त्याऐवजी सर्व्हरचे खरे, घड्याळावर चालणारे क्रॉन लावायचे राहून गेलेले असते. अशा साइटवर ऑटो-अपडेट 'चालू' दिसते, पण महिनोन्महिने काहीच होत नाही.

हे ओळखण्याची सोपी खूण प्लगइनच्या यादीतच आहे. ऑटो-अपडेट चालू असलेल्या आणि नवी आवृत्ती आलेल्या प्लगइनसमोर पुढचे अपडेट किती तासांनी होणार हे लिहिलेले असते. त्याऐवजी अपडेटची वेळ टळून गेल्याची आणि क्रॉनमध्ये अडचण असू शकते अशी सूचना दिसली, तर आधी ते दुरुस्त करा. 'साइट हेल्थ' या पानावरही क्रॉन आणि पार्श्वभूमीतल्या अपडेटची तपासणी असते.

ऑटो-अपडेट गप्पपणे न होण्याची आणखी तीन कारणे मला वारंवार सापडतात. पहिले, सर्व्हरवरील फायलींची मालकी वेगळ्या युजरकडे असल्यामुळे वर्डप्रेसला त्या थेट बदलता येत नाहीत. हाताने अपडेट करताना तुमच्याकडे एफटीपीचा (सर्व्हरवर फायली पाठवण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड मागितला जात असेल, तर कारण हेच आहे. दुसरे, साइटच्या फोल्डरमध्ये गिटचे, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचे, भांडार आहे; ते दिसले की वर्डप्रेस स्वतःहून फायलींना हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. तिसरे, विकत घेतलेल्या प्लगइनचा परवाना संपलेला असतो. यातले तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण अशा प्लगइनसमोर काही वेळा नव्या आवृत्तीची सूचनाच येत नाही आणि सगळे अद्ययावत असल्यासारखे दिसते. तुमच्या हापूसच्या साइटवर असे विकतचे प्लगइन असतील, तर परवान्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात.

आता मोडतोडीच्या भीतीकडे येऊ. या बाबतीत वर्डप्रेस बरेच सुधारले आहे. मे २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून, एखाद्या प्लगइनमुळे साइट पूर्ण बंद पडली तर ॲडमिनच्या ईमेलवर एक खास दुवा येतो आणि त्यावरून आत शिरून ते प्लगइन बंद करता येते. जुलै २०२४ मधल्या ६.६ आवृत्तीपासून त्याहून महत्त्वाची सोय झाली. सक्रिय प्लगइन आपोआप अपडेट झाल्यावर वर्डप्रेस स्वतःच साइटचे मुखपृष्ठ मागवून पाहते आणि तिथे पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) गंभीर चूक आढळली, तर जुनी आवृत्ती परत जागेवर ठेवते. माझ्या मते दवाखान्यासारख्या साइटवर ऑटो-अपडेट बिनधास्त चालू ठेवण्याला आता ठोस आधार आहे, तो याच सोयीमुळे.

मात्र या तपासणीच्या मर्यादा समजून घ्या. ती मुखपृष्ठ पाहते आणि साइट कोसळली की नाही एवढेच पाहते. कॅशच्या, म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून त्यांच्या तयार प्रती जपणाऱ्या, प्लगइनने जावास्क्रिप्टच्या फायली वेगळ्या पद्धतीने एकत्र केल्या आणि त्यामुळे चेकआउटच्या पानावरचे 'ऑर्डर करा' बटण दाबूनही काही होईनासे झाले, तर तिच्या दृष्टीने सर्व ठीक आहे. संपर्काचा फॉर्म भरला जातो पण ईमेल जात नाही, हेही तिला दिसत नाही. विक्रीच्या साइटवरची सर्वांत त्रासदायक बिघाडाची जात तर याहून शांत असते. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले, ते त्याच्या खात्यातून गेले, पण पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मध्यस्थ सेवेकडून) साइटकडे येणारा निरोप नव्या आवृत्तीने नीट स्वीकारला नाही, आणि ऑर्डर 'पेमेंट प्रलंबित' या अवस्थेत अडकून पडली. पान उघडते, पैसे येतात, चुकीचा संदेश कुठेही नाही. हे मालकाच्या लक्षात येते ते ग्राहकाचा रागावलेला फोन आल्यावर.

म्हणून मी प्लगइनची विभागणी त्यांच्या प्रसिद्धीवरून किंवा आकारावरून करत नाही. ते बिघडले तर बिघाड लगेच दिसेल का, आणि जुनी आवृत्ती परत टाकली की सगळे पूर्ववत होईल का, एवढे दोनच निकष मी लावतो. एसईओ (साइट सर्च इंजिनमध्ये वर आणणे), प्रतिमा लहान करणे, स्पॅम रोखणे, सुरक्षा, फॉर्म, गॅलरी असल्या प्लगइनना मी सर्व साइटवर ऑटो-अपडेट लावतो. कॅशच्या प्लगइनला माहितीच्या साइटवर लावतो, विक्रीच्या साइटवर लावत नाही. वूकॉमर्स, पेमेंट गेटवे, शिपिंग, सदस्यत्व आणि ज्यावर संपूर्ण पानांची मांडणी उभी आहे असा पेज बिल्डर यांना विक्रीच्या साइटवर ऑटो-अपडेट नको. ते आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या हुबेहूब चाचणी प्रतीवर, करून पाहावेत आणि मग मूळ साइटवर न्यावेत. येथे आवृत्तीच्या आकड्यावर फार विसंबू नका. शेवटचा अंक बदलला तर फक्त दुरुस्त्या असतात, असा समज आहे आणि पुष्कळ वेळा तो खरा ठरतो, पण वर्डप्रेसच्या जगात सगळे लेखक हा संकेत पाळत नाहीत. वूकॉमर्समध्ये मधला अंक बदलला तरी बदल चांगलेच मोठे असू शकतात.

एक वर्ग मात्र या विभागणीच्या बाहेर ठेवावा लागतो: ज्यांच्या मूळ फायलींत कोणीतरी पूर्वी हाताने बदल केले आहेत अशी प्लगइन. अपडेट होताना जुने फोल्डर काढून नवे ठेवले जाते, त्यामुळे ते बदल नाहीसे होतात. त्यावर अपडेट कायमचे बंद ठेवणे हा इलाज नव्हे. ते बदल हूक, म्हणजे मूळ फायली न बदलता आपला कोड जोडण्याच्या जागा, वापरून एका लहान स्वतंत्र प्लगइनमध्ये हलवा आणि मूळ प्लगइन मोकळे करा. वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या प्लगइनमध्ये असे बदल आहेत की नाहीत, हे डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लाइनवरून वर्डप्रेस सांभाळण्याच्या साधनाच्या चेकसम तपासणीने, म्हणजे फायली मूळ प्रतीशी जुळतात का ते पाहून, मिनिटभरात कळते.

आता अपडेट थांबवून ठेवण्याची दुसरी बाजू. सुरक्षेच्या दुरुस्तीला स्टेजिंगच्या सावकाश वेळापत्रकावर थांबता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'रिअली सिंपल सिक्युरिटी' या ४० लाखांहून अधिक साइटवर असलेल्या प्लगइनमध्ये असे छिद्र सापडले, की द्विस्तरीय लॉगिनची (पासवर्डबरोबर आणखी एक खात्री मागण्याची) सोय चालू असलेल्या साइटवर पासवर्डशिवाय ॲडमिन म्हणून शिरता येत होते. साइट सुरक्षित करण्यासाठीच बसवलेल्या प्लगइनमध्ये हे घडले, हे लक्षात घ्या. दुरुस्ती ९.१.२ या आवृत्तीत आली आणि वर्डप्रेसच्या चमूने ती, ऑटो-अपडेट चालू नसलेल्या साइटवरही, सक्तीने ढकलली. असे सक्तीचे अपडेट यापूर्वीही झाले आहेत. मे २०२३ च्या अखेरीस जेटपॅक या प्लगइनच्या बाबतीत झाले होते. पण हा मार्ग अगदी मोजक्या, गंभीर प्रसंगांपुरता आहे आणि विकतच्या प्लगइनना तो लागू होत नाही. दुरुस्ती जाहीर झाली, की जुन्या आणि नव्या फायलींतला फरक पाहून छिद्र नेमके कुठे होते हे हल्लेखोरालाही कळते, आणि त्यानंतर स्वयंचलित प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीच्या साइट शोधत फिरतात. म्हणून ज्या प्लगइनना मी ऑटो-अपडेट लावत नाही, त्यांच्या बदलांची टिपणे मी रोज सकाळी वाचतो, आणि 'सुरक्षा' हा उल्लेख दिसला की स्टेजिंगचा फेरा गुंडाळून बॅकअप घेऊन त्याच दिवशी अपडेट करतो. ज्याला हे रोज वाचणे शक्य नाही, त्याने सुरक्षेच्या छिद्रांची सूचना ईमेलने देणारी एखादी सेवा लावावी. तेही होणार नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: विक्रीच्या साइटवरही सगळे ऑटो-अपडेट चालू ठेवा. ज्या साइटकडे कोणी पाहत नाही, तिच्यासाठी मोडण्याचा धोका हॅक होण्याच्या धोक्यापेक्षा परवडतो.

याच्या उलट बाजूनेही आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही: अपडेटच विषारी असेल तर? जून २०२४ मध्ये काही प्लगइन लेखकांची खाती, इतरत्र फुटलेले पासवर्ड पुन्हा वापरल्यामुळे, हल्लेखोरांच्या हाती गेली आणि 'सोशल वॉरफेअर'सह काही प्लगइनमध्ये गुपचूप नवा ॲडमिन तयार करणारा कोड घातला गेला. ऑटो-अपडेट चालू असलेल्यांना तो आपोआप मिळाला. त्या प्रकरणानंतर प्लगइन लेखकांना १ ऑक्टोबर २०२४ पासून द्विस्तरीय लॉगिन सक्तीचे झाले. त्याच महिन्यात दुसराही एक प्रकार घडला. वर्डप्रेसचे व्यवस्थापन आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्या वादात, वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' या प्लगइनच्या जागी 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' ही त्याची फांदी, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, ठेवण्यात आली, आणि तिथून अपडेट घेणाऱ्या साइटवर मालकाने काहीही न करता प्लगइन बदलले. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती जागा मूळ कंपनीला परत मिळाली. अपडेट आपोआप घेणे म्हणजे लेखकावर आणि वितरण करणाऱ्यावर दोघांवर विश्वास ठेवणे, हे या दोन्ही प्रकरणांतून दिसते. तरीही यावर 'सर्व अपडेट बंद' हा उपाय मला पटत नाही. हाताने अपडेट करणारे आपण तरी प्रत्येक फाईल कुठे वाचतो? विषारी आवृत्ती बहुधा काही दिवसांत पकडली जाते, म्हणून कमी महत्त्वाच्या अपडेटना दोन-तीन दिवस थांबवणे हा वाजवी मधला मार्ग आहे. आणि त्याहून मोठा उपाय म्हणजे प्लगइनची संख्या कमी करणे. चार पानांच्या दवाखान्याच्या साइटला वीस प्लगइन कशासाठी लागतात, हे तुम्ही स्वतःला विचारावे असे मला वाटते. निष्क्रिय करून ठेवलेली प्लगइन काढूनच टाका. त्यांच्या फायली सर्व्हरवर असतातच आणि काही प्रकारची छिद्रे तशाही वापरता येतात.

आता मागे जाण्याच्या वाटेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच विक्रीची साइट इतरांपेक्षा वेगळी ठरते. शिक्षण संस्थेच्या साइटवर अपडेटनंतर गोंधळ झाला, तर रात्रीचा संपूर्ण बॅकअप परत टाकला की काम झाले. फार तर एखादी सूचना पुन्हा टाकावी लागेल. हापूसच्या साइटवर एप्रिलच्या ऐन हंगामात तुम्ही पहाटे तीनचा बॅकअप दुपारी बारा वाजता परत टाकलात, तर मधल्या नऊ तासांच्या ऑर्डर डेटाबेसमधून गेल्या. पैसे आलेले, पेट्यांची नोंद नाही. म्हणून विक्रीच्या साइटवर पहिले पाऊल संपूर्ण बॅकअप हे कधीही नसावे. बिघडलेल्या प्लगइनची फक्त मागची आवृत्ती बसवावी आणि डेटाबेसला हात लावू नये. वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरच्या प्लगइनच्या जुन्या आवृत्त्या तिथल्या प्रगत पानावर मिळतात आणि डब्ल्यूपी-सीएलआयने आवृत्तीचा आकडा देऊन त्या बसवता येतात. विकतच्या प्लगइनची मागची झिप फाईल मात्र स्वतः जपून ठेवावी लागते. यातही एक अडथळा असतो. काही प्लगइन नव्या आवृत्तीबरोबर डेटाबेसची रचनाच बदलतात, आणि मग जुन्या फायली नव्या रचनेशी जुळत नाहीत. ६.६ मधली आपोआप मागे जाण्याची सोयही फक्त फायली मागे नेते, डेटाबेस नाही. वूकॉमर्सही रचना बदलते, आणि त्याआधी सूचना दिसेलच यावर विसंबू नका; म्हणून ते अपडेट करण्याआधीच डेटाबेसची ताजी प्रत घ्या आणि गर्दी नसलेली वेळ निवडा.

वेळेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. डॅशबोर्डमधले ऑटो-अपडेट कोणत्या प्रहरी होईल हे तुम्ही तिथून ठरवू शकत नाही. शनिवारी मध्यरात्रीही होईल. ज्या होस्टिंगवर कमांड लाइन आणि सर्व्हरचे क्रॉन मिळते, तिथे मी हे काम सर्व्हरकडेच सोपवतो. मंगळवार ते गुरुवार सकाळी दहाच्या सुमारास एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती आधी डेटाबेसची प्रत घेऊन साइटच्या फोल्डरबाहेर ठेवते, मग वगळायच्या प्लगइनची यादी देऊन बाकीची सगळी अपडेट करते, कॅश रिकामी करते, आणि त्यानंतर मुखपृष्ठ, एक उत्पादन, कार्ट आणि संपर्क ही पाने मागवून त्यांत ठरावीक मजकूर आहे का ते पाहते. नसेल तर मला निरोप येतो. या पद्धतीचा खरा फायदा हा, की अपडेट होते तेव्हा मी जागा असतो, आणि प्लगइनच्या लेखकाची मदत कामाच्या दिवशी तरी मिळण्याची शक्यता असते. साध्या शेअर्ड होस्टिंगवर हे जमत नसेल, तर डॅशबोर्डमधले ऑटो-अपडेट पुरेसे आहे. फक्त बाहेरून दर पाच मिनिटांनी साइट तपासणारी एखादी सेवा लावा आणि तिला 'साइट चालू आहे का' एवढेच न विचारता 'या पानावर हा शब्द आहे का' असे विचारायला लावा. पेमेंटसाठी कोणतीही स्वयंचलित तपासणी मला पुरेशी वाटत नाही. गेटवे किंवा वूकॉमर्स अपडेट केल्यावर एक कमी किमतीचे, दुकानात न दिसणारे उत्पादन खऱ्या पैशांनी विकत घेऊन पाहावे आणि ऑर्डरची अवस्था आपोआप बदलते का ते तपासावे.

तुमच्या तीन साइटपुरते सांगायचे, तर दवाखान्याच्या साइटवरची निम्मी प्लगइन काढून उरलेल्या सगळ्यांना ऑटो-अपडेट लावा. शिक्षण संस्थेच्या साइटवरही सगळे चालू ठेवा. तिथे प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज घेतले जात असतील, तर तेवढे फॉर्मचे प्लगइन अर्जांच्या काळात हाताने अपडेट करा. हापूसच्या साइटवर वर सांगितलेली विभागणी करा आणि मार्च ते मे या काळात सुरक्षेच्या दुरुस्तीखेरीज वूकॉमर्स, गेटवे आणि पेज बिल्डर यांना हात लावू नका. मोठी अपडेट पावसाळ्यात उरकून घ्यावीत.

एका गोष्टीकडे ऑटो-अपडेट कधीच लक्ष वेधत नाही, ती म्हणजे ज्यांना अपडेट येणेच बंद झाले आहे अशी प्लगइन. लेखकाने काम सोडले किंवा सुरक्षेच्या कारणावरून प्लगइन भांडारातून काढले गेले, तरी तुमच्या डॅशबोर्डवर काहीही दिसत नाही. नवी आवृत्तीच नसल्यामुळे ते शांत आणि अद्ययावत भासते. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक प्लगइनचे पान उघडून शेवटचे अपडेट केव्हाचे आहे ते पाहा, आणि वर्ष उलटून गेले असेल तर पर्याय शोधायला लागा.

सुरुवात मात्र यातल्या कशानेही करू नका. ऑटो-अपडेट यशस्वी झाले, फसले, मागे घेतले गेले, साइट बंद पडली, या सगळ्यांचे निरोप वर्डप्रेस सेटिंग्जमधल्या ॲडमिनच्या ईमेल पत्त्यावर पाठवते. माझ्याकडे दुसऱ्याकडून आलेल्या साइटवर तो पत्ता बहुतेक वेळा साइट मुळात बनवून देणाऱ्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या कोणाचा तरी असतो. तिन्ही साइटवर तो तपासा, तुमचा स्वतःचा पत्ता टाका, आणि साइटवरून पाठवलेली चाचणीची ईमेल स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पोहोचते याची खात्री झाल्यावरच पहिल्या प्लगइनचे ऑटो-अपडेट सुरू करा.